लाजेचे व्याज

घरगुती कर्जाविषयी मराठी मध्यमवर्गात दोन मते आहेत आणि ती बहुधा एकाच घरात नांदतात. पहिले मत जुने आहे. कर्ज हा स्वभावाचा दोष आहे, अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यावर ते काढायची वेळ येत नाही, आणि आलीच तर चारचौघांत त्याची वाच्यता करू नये. दुसरे मत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रुजले. हप्ता पगारात बसत असेल तर कर्ज परवडले, एवढेच ते सांगते. पहिल्या मतामुळे कर्ज लपवले जाते, दुसऱ्यामुळे ते वाढवले जाते, आणि हिशेब दोन्हीकडे होत नाही. कर्ज ही हिशेबाची बाब आहे आणि तो हिशेब घरातल्या सर्व जाणत्या माणसांसमोर मांडला गेला पाहिजे, हे इथले प्रतिपादन आहे.

जुन्या मताच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ऋण काढून सण करणारी माणसे खरोखरच असतात. लग्नाच्या हॉलसाठी आणि जेवणावळीसाठी काढलेले कर्ज पुढे पाच-सात वर्षे घराला पिळत राहते, हेही अनेकांनी जवळून पाहिलेले असते. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या वित्तीय स्थैर्य अहवालातला आकडाही या मताला आधार वाटावा असा आहे. देशातील घरगुती कर्जात घरखरेदी सोडून घेतलेल्या आणि मुख्यतः उपभोगासाठी वापरलेल्या किरकोळ कर्जांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. मात्र आकडेवारीत ‘उपभोग’ म्हणजे ज्यातून मालमत्ता उभी राहत नाही असा कोणताही खर्च. वडिलांच्या बायपाससाठी काढलेले वैयक्तिक कर्ज आणि परदेशी सहलीसाठी काढलेले कर्ज त्यात एकाच रकान्यात बसतात. त्या रकान्यावरून कोणाच्या उधळेपणाचा निवाडा करता येत नाही.

हा निवाडा महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी एकदा तपासला गेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, चोपड्या आणि कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरले. माणसांना इजा फारशी झाली नाही. रोष होता तो कागदांवर. कुणबी लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो, हे मत त्या काळच्या अधिकाऱ्यांतही प्रचलित होते. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने मात्र ते मानले नाही. लग्नाचा खर्च कर्जात भर घालतो, पण तो क्वचितच कर्जाचे मूळ असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकी यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपताच भाव कोसळले, त्यातच फेरजमाबंदीत शेतसारा वाढला. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे रोखा तीनच वर्षे ग्राह्य धरला जाई. म्हणून दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई, आणि अक्षरओळख नसलेला ऋणको त्यावर अंगठा उठवी.

यावर १८७९ मध्ये जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, त्याने कोणालाही काटकसरीचा उपदेश केला नाही. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. पैसे भरल्याची पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची सोय काढून घेतली. दुखणे हिशेबात आहे हे ज्यांनी ओळखले त्यांनी उपायही हिशेबातच शोधला. या कायद्याने सावकारी संपली नाही, हे खरे आहे. पण त्याची दिशा आजच्या घरगुती सल्ल्यापेक्षा शहाणी होती.

कर्जाला दोष मानल्याने कर्ज कमी होत नाही, ते अंधारात जाते. आणि अंधारातले कर्ज नेहमीच महाग असते. नोकरी गेलेला गृहस्थ पतपेढीत जात नाही, कारण तिथे दोन जामीनदार लागतात आणि जामीनदार म्हणजे सोसायटीतला शेजारी किंवा मेहुणा. तो मोबाइलवरच्या ॲपकडे वळतो, कारण ते कोणाला विचारत नाही. गावात हीच वाट शेकडा पाच रुपयांनी देणाऱ्या विनापरवाना सावकाराकडे जाते. हा दर महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला साठ टक्के. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली ठरवलेल्या दरांनुसार परवानाधारक सावकाराला बिगरशेतकरी ऋणकोकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. या दुसऱ्या तरतुदीचे मूळ दामदुपटीच्या जुन्या नियमात आहे. पण कायद्याचे हे संरक्षण मागायचे तर कर्ज झाले आहे हे मोठ्याने सांगावे लागते, आणि नेमके तेच लाज सांगू देत नाही.

सुशिक्षित घरांत लाजेची किंमत वेगळ्या तऱ्हेने मोजली जाते. क्रेडिट कार्डावर एक लाख रुपये थकलेले आहेत आणि दर महिना साडेतीन टक्के आहे असे धरू. वर्षाला साधे व्याजच ४२,००० रुपये होते. चक्रवाढ, कर आणि दंड वेगळे. त्याच माणसाची एक लाखाची मुदत ठेव सात टक्क्यांनी बँकेत आहे आणि तिच्यावर ७,००० रुपये मिळतात. ठेव मोडून कार्ड फेडले तर वर्षाला किमान ३५,००० रुपये वाचतात. तरीही ठेव मोडली जात नाही, कारण ती पत्नीच्या किंवा वडिलांच्या सहनावाने आहे आणि मोडायची तर कारण सांगावे लागेल. हे ३५,००० रुपये म्हणजे गप्प बसण्याची किंमत. कपाटातल्या सोन्याचेही असेच होते. सोनेतारण कर्ज वैयक्तिक कर्जापेक्षा बहुधा स्वस्त पडते, पण दागिने बाहेर काढले की घराला कळणार, म्हणून महाग कर्ज गुपचूप घेतले जाते. या गुप्ततेचा सर्वांत मोठा भार स्त्रियांवर पडतो. ज्या कर्जाची त्यांना कल्पनाही नसते, त्याच्या वसुलीसाठी आलेल्या माणसाला दार त्यांनाच उघडावे लागते.

आता दुसरे मत. हप्ता झेपतो म्हणजे कर्ज झेपते, हे विधान ऐकायला सरळ वाटते; गणित केले की ते टिकत नाही. तीस लाखांचे गृहकर्ज, नऊ टक्के दर, वीस वर्षे मुदत: हप्ता सुमारे २७,००० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले २२,५०० रुपये व्याजात जातात, मुद्दलातून जेमतेम साडेचार हजार कमी होतात. मुद्दल निम्मे व्हायला सुमारे चौदा वर्षे लागतात. मधेच दर दहा टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर काय होते? कर्जाच्या सुरुवातीलाच हे घडले असे धरले तर मुदत वीस वर्षांवरून सव्वीस वर्षांच्या पुढे जाते आणि एकूण भरणा सुमारे ८५ लाखांवर पोहोचतो. त्याऐवजी हप्ता दोनेक हजारांनी वाढवून मुदत तीच ठेवली असती तर तो साडेएकोणसत्तर लाखांच्या आसपास राहिला असता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला तेव्हा असंख्य कर्जदारांची मुदत अशीच लांबली, आणि हप्ता बदलला नाही म्हणून ते अनेकांच्या लक्षातही आले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्यावी. ही निवड करायला खाते उघडून पाहावे लागते. ‘हप्ता झेपतो’ म्हणून निश्चिंत झालेला माणूस ते पाहत नाही.

हप्त्याच्या मागे दर कसा दडतो याचे दुसरे उदाहरण ‘फ्लॅट’ दराचे आहे. एक लाख रुपये, तीन वर्षे, बारा टक्के फ्लॅट असे सांगितले की व्याज ३६,००० आणि महिन्याचा हप्ता ३,७७८ रुपये होतो. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर आकारलेले असते, म्हणून खरा वार्षिक दर २१ टक्क्यांच्या घरात जातो. फ्रिज किंवा फोन ‘शून्य टक्क्याने’ मिळतो तेव्हा व्याज किमतीत, प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या रोख सवलतीत मिसळलेले असते. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना लेखी कळवले होते. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जासोबत सर्व शुल्के धरून वार्षिक दर सांगणारे ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे सावकार संस्थांना बंधनकारक आहे. दुकानातल्या गर्दीत तो कागद वाचला जात नाही; घरी आणून वाचला तर निम्म्या खरेद्या पुढे ढकलल्या जातील.

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येतो. लाज गेली तर माणसे कर्ज बुडवू लागतील, पत म्हणून जे काही समाजात आहे ते लाजेवरच उभे आहे, असे म्हटले जाते. हा आक्षेप दोन भावनांची गल्लत करतो. घेतलेले परत द्यावे ही निष्ठा वेगळी आणि घेतले हे कळू नये ही धडपड वेगळी. पहिली जपलीच पाहिजे. दुसरी पहिलीला खाते, कारण लपवणारा माणूस एक कर्ज फेडायला दुसरे काढतो. खेडोपाडीच्या महिला बचत गटांकडे पाहिले की हा फरक स्पष्ट होतो. तिथे महिन्याच्या बैठकीत कोणी किती घेतले, कशासाठी घेतले, किती बाकी आहे हे सर्वांसमोर वाचले जाते. त्या उघडेपणामुळे परतफेड ढिली पडत नाही. उलट एखादीचा हप्ता अडला तर का अडला हे वेळीच कळते आणि मुदत वाढवून देता येते. जे दहा-बारा बायकांच्या गटाला जमते ते चार माणसांच्या घराला जमू नये, याला कारण नाही.

घरात हे करायचे तर वहीचे एक पान पुरते. कोणाला देणे आहे, बाकी मुद्दल किती, वार्षिक दर किती, हप्ता किती आणि कधीपर्यंत, तारण काय, जामीन कोण. नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने आणि भिशीचे उरलेले हप्तेही त्यात आले पाहिजेत. ते बिनव्याजी असले तरी देणेच आहेत. विस्मरणात गेलेले किंवा कोणी परस्पर नावावर काढलेले कर्ज पतमापन कंपनीच्या अहवालात दिसते, आणि असा पूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. पान भरले की फेडीचा क्रम बहुतेक वेळा आपोआप ठरतो: दर सर्वांत जास्त ते आधी. लहान कर्ज आधी संपवावे म्हणजे उमेद वाढते, असेही सांगितले जाते. दरांत फारसा फरक नसेल तर ते मान्य करण्यासारखे आहे, पण ४२ टक्क्यांचे कार्ड बाजूला ठेवून ११ टक्क्यांचे दुचाकीचे कर्ज फेडणे महागात पडते. किती कर्ज जास्त, याचा एक मापदंड नियमांतच आहे. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूक्ष्म कर्ज देताना त्या कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, असे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. वरच्या उत्पन्नाच्या घरांना असे बंधन नाही. त्यांनी ते स्वतःहून घालून घ्यावे, आणि खरे तर निम्म्याच्याही बऱ्याच अलीकडे.

हक्कांची माहितीही त्याच पानाच्या मागे लिहिण्याजोगी आहे. वसुली प्रतिनिधीला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत. उशिराला संस्था जबाबदार असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. ऐपत नसल्यामुळे कर्ज थकणे हा गुन्हा नाही. प्रामाणिक पण निर्धन ऋणकोला केवळ देणे थकले म्हणून तुरुंगात पाठवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले. धनादेश न वटणे मात्र फौजदारी बाब आहे, म्हणून वसुलीच्या दबावाखाली कोरे धनादेश देऊ नयेत. जामिनाच्या सहीबद्दल तर फारच गैरसमज आहे. भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ती ओळखीखातर केलेली सही नसते.

लपवलेले कर्ज सर्वांत क्रूरपणे उघड होते ते कर्ता माणूस गेल्यावर. दहाव्या-बाराव्याच्या आत देणेकरी दारात येतात, आणि बापाचे देणे मुलाने फेडायचेच असते या संस्काराखाली विधवा आई आणि मुले नव्या कागदांवर सह्या करून बसतात. कायदा तसे म्हणत नाही. वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. तो स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच त्याहून पुढे जाते. मुलाने बापाचे ऋण धर्मकर्तव्य म्हणून फेडण्याचे हिंदू कायद्यातले जुने बंधनही २००५ च्या हिंदू वारसा सुधारणा कायद्याने, त्यानंतरच्या कर्जांपुरते, रद्द केले आहे. अशा वेळी कोणत्याही नव्या कागदावर सही न करता आधी खात्याचा उतारा मागावा, कर्जासोबत विमा उतरवला होता का ते विचारावे, आणि देणेकऱ्याने सांगितलेली रक्कम घरातल्या पानाशी ताडून पाहावी.