भावोजींचा प्रश्न

मनोरंजनाचा विषय शाळेच्या वार्षिकांत आणावा कीं नाहीं, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु जो कार्यक्रम आमच्या मुळशीच्या खोऱ्यांतही सायंकाळच्या स्वयंपाकाबरोबर वर्षानुवर्षें पाहिला गेला, त्याविषयीं पालक व विद्यार्थी यांनीं घटकाभर विचार करणें अप्रस्तुत नव्हे.

श्री. आदेश बांदेकर हे दूरदर्शनवरील 'ताक धिना धिन' या गाण्यांच्या खेळाचे निवेदक म्हणून लोकांस परिचित झाले. पुढें २००४ सालीं, आज 'झी मराठी' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वाहिनीवर, 'होम मिनिस्टर' सुरू झाला. तेव्हांपासून २०२४ सालापर्यंत, सुमारें वीस वर्षें, ते 'भावोजी' या नात्यानें गृहिणींच्या दारीं जात राहिले. गृहिणींचे खेळ घ्यावे व जिंकणारीस पैठणी द्यावी, एवढीच त्याची मांडणी. २०२० सालच्या टाळेबंदींत दारें मिटलीं, तेव्हां भेटी दूरसंपर्कानें चालू राहिल्या. २०२२ सालच्या 'महामिनिस्टर' पर्वांत तर अकरा लक्ष रुपयांची पैठणी ठेवण्यांत आली होती.

मध्यंतरीं २००९ सालीं श्री. बांदेकर माहीम मतदारसंघांतून विधानसभेस उभे राहिले व पराभूत झाले. भावोजींस चहा देणें निराळें आणि उमेदवारास मत देणें निराळें, हा विवेक मतदारांनीं दाखविला. त्यानंतरही ते आपलें नित्याचें काम करीत राहिले, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

इतकीं वर्षें कार्यक्रम टिकला तो केवळ पैठणीमुळें, असें आम्हांस वाटत नाहीं. विवाह कसा जमला, संसार कसा उभा केला, हें भावोजी त्या स्त्रीस विचारीत. आणि ती बोले तेव्हां सासूसासरे, पती व मुलें भोंवतीं बसून ऐकत. कित्येक घरांत असा प्रसंग पहिलाच असेल. स्त्रीस 'गृहमंत्री' म्हणणें म्हणजे तिला पुन्हां चुलीशींच बांधणें होय, असा आक्षेप कोणी घेतात. तो आम्ही पोकळ मानीत नाहीं. परंतु त्याहून मोठा दोष आमच्या घरांचा आहे. तिला बोलतें करण्यास बाहेरचा पाहुणा लागावा, हा तो दोष होय.

मागें एकदां वर्गांत आम्हीं 'माझ्या आईची आवड' या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या. बहुतेक मुलांनीं आई काय रांधते तें लिहिलें. तिला स्वतःस काय आवडतें, तें दोघांतिघांसच ठाऊक होतें. तीं मुलें वाईट नव्हतीं. त्यांनीं कधीं विचारलेंच नव्हतें.

म्हणून विद्यार्थ्यांनो, आज जेवणें उरकल्यावर आईजवळ बसा. ती कोठवर शिकली, शाळा कां सुटली, तिला काय व्हावयाचें होतें, हें विचारा आणि तिचें बोलणें संपेपर्यंत उठूं नका. वडीलमंडळींनींही जवळ बसावें. भावोजी प्रत्येक दारीं पोहोंचूं शकले नाहींत. परंतु तुमची आई रोज तुमच्याच घरीं आहे.