सैनिकाचे मत मोजणीपूर्वी पोहोचलेच पाहिजे!

निवडणुका आल्या की सर्वच पक्षांचे पुढारी सैनिकांच्या त्यागाचे गोडवे गाऊ लागतात. परंतु सीमेवर उभ्या असलेल्या सैनिकाने दिलेले मत त्याच्या मतदारसंघात वेळेवर पोहोचते काय, हा प्रश्न यापैकी कोणी विचारत नाही. मत देणे आणि ते मोजले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे मत मोजलेच जात नाही, तो अधिकार केवळ कागदावरचा अधिकार होय.

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. ब्रिटिशांच्या १९३५ च्या कायद्यात निवृत्त वा सेवामुक्त सैनिकाला मताधिकार होता. पण तो चाकरीचे बक्षीस म्हणून होता, नागरिक म्हणून नव्हे. महारांना तर सैन्याची दारे १८९० च्या दशकातच बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात ती थोडा काळ उघडली आणि पुन्हा बंद झाली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तोवर मताकडे जाणारी ही वाटही आपल्यासाठी जवळजवळ बंदच होती. सुभेदार रामजींचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने जमीन, शिक्षण, चाकरी अशा साऱ्या अटी पुसून टाकल्या. आजचा जवान मत देतो तो कोणाच्या मेहेरबानीने नव्हे!

सैनिकाच्या बाबतीत या मताचे मोल अधिक आहे. अनुच्छेद ३३ प्रमाणे सैन्याच्या शिस्तीसाठी संसद मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते. लष्करी नियमांनुसार जवानाला राजकीय सभेत भाग घेता येत नाही. म्हणजे राजकीय मत व्यक्त करण्याचा त्याच्याकडे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मतपत्रिका. तीही वाया गेली तर त्याच्याकडे राहिले काय?

कायदा काय म्हणतो? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सैनिकाला त्याच्या मूळ गावचा रहिवासी मानते. सेनादले, लष्करी कायदा लागू असलेली दले, राज्याबाहेर सेवेत असलेले सशस्त्र पोलीस आणि परदेशात नेमलेले केंद्र सरकारचे कर्मचारी हे सेवा मतदार होत. पूर्वी सोबत राहणाऱ्या ‘पत्नी’लाच ही सवलत होती, २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘जोडीदार’ असा शब्द आला आणि महिला सैनिकाच्या पतीलाही ती मिळाली.

टपालाची दशा मात्र वाईट होती. २०१४ च्या लोकसभेला १३,२७,६२७ मतपत्रिका पाठवल्या गेल्या आणि वैध मते परत आली फक्त ४ टक्के! २०१६ मध्ये नियम बदलून मतपत्रिका संगणकाद्वारे पाठवण्याची सोय झाली. २०१९ मध्ये १८,०२,६४६ सेवा मतदारांपैकी १०,८४,२६६ जणांच्या मतपत्रिका परत आल्या. ही मोठी सुधारणा आहे, ती मान्य केली पाहिजे. तरीही सात लाखांहून अधिक मते आलीच नाहीत.

याचे एक कारण वेळापत्रकात आहे. मतपत्रिका जाते विजेच्या वेगाने, परत येते टपालाने. आणि मतमोजणी सुरू होण्यापूर्वी ती पोहोचली नाही तर बाद. नागपूरच्या जवानाचेच उदाहरण घ्या. २०२४ च्या लोकसभेला अर्ज माघारीचा दिवस ३० मार्च आणि मतमोजणी ४ जूनला, म्हणजे ६६ दिवस मिळाले. त्याच वर्षी विधानसभेला माघार ४ नोव्हेंबरला आणि मोजणी २३ नोव्हेंबरला, म्हणजे अवघे १९ दिवस! जवान तोच, त्याची चौकी तीच, बर्फही तेच. मग त्याच्या मताचे मोल वेळापत्रकावर का अवलंबून असावे? माघार आणि मतदान यांत किमान १४ दिवस असावेत, एवढेच कायदा सांगतो. मत परत येण्यास किती दिवस हवेत, याची हमी तो देत नाही.

काही मतांनी काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला आणि बाद ठरलेल्या टपाली मतांची तेथे फेरपडताळणी झाली. त्याच वर्षी मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला.

२००३ पासून सैनिकाला गावातील विश्वासू व्यक्तीमार्फत मत देण्याचीही सोय आहे. परंतु त्यात गुप्तता राहत नाही. जवानाने काय ठरवले ते त्या व्यक्तीला कळणारच, आणि तिने तसेच बटण दाबले की नाही हे जवानाला कधीच कळणार नाही. गावगाड्याचा दबाव कसा असतो हे आपल्याला सांगायला नको. म्हणून ही सोय पर्याय म्हणून राहो, पण टपाली मताची उणीव झाकण्यासाठी ती पुढे करू नये.

आमच्या मागण्या तीन आहेत. माघार आणि मतमोजणी यांत किमान ३० दिवसांचे अंतर कायद्याने ठरवावे. युनिटमध्ये मत नोंदवताना वरिष्ठांची नजर पडणार नाही अशी स्वतंत्र जागा सक्तीची करावी. आणि किती सेवा मतपत्रिका गेल्या, किती आल्या, किती कोणत्या कारणाने बाद झाल्या, हे प्रत्येक मतदारसंघाच्या निकालासोबत जाहीर करावे.

कार्यकर्त्यांनीही एक काम हाती घ्यावे. आपल्या वस्तीतील प्रत्येक जवानाचे नाव मतदार यादीच्या शेवटच्या भागात, जेथे सेवा मतदार असतात, तेथे आहे की नाही ते पाहावे. नसेल तर युनिटमार्फत नमुना २ भरण्यास त्याला कळवावे. मोजणीच्या टेबलावरील आपल्या प्रतिनिधीने घोषणापत्राच्या त्रुटीवरून बाद होणाऱ्या प्रत्येक पाकिटाचे कारण विचारून लिहून घ्यावे. जो आपल्यासाठी पहारा देतो, त्याच्या मतावर पहारा देण्याचे काम आपले आहे.