पत्र्याला विचारतो कोण?

मंडळी, भारतातून येणाऱ्या मेलमध्ये एक प्रश्न हमखास असतो: "अमेरिकेत यायचंय, सॉलिडवर्क्सचा कोर्स करू की इन्व्हेंटरचा?" माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. कुठलाही करा, पण आधी आठ दिवस भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये बेंडिंग मशीनशेजारी उभे राहा.

का ते सांगतो. इथल्या जुन्या कारखान्यांत ड्रॉइंग्जची कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत. वाकवण्याआधी पत्रा सपाट असताना कसा दिसतो, एवढंच कित्येक ड्रॉइंग्जवर असतं: बाहेरची रेघ, भोकं आणि घडीच्या रेघा. त्यावरून थ्रीडी मॉडेल बनवायचं काम भारतात जातं, दर ड्रॉइंगमागे अमुक डॉलर या भावाने. "त्यात काय, घडीची रेघ निवडायची आणि फोल्डचं बटण दाबायचं!" असं इथला मॅनेजर म्हणतो आणि आपल्याकडचा टीम लीडर मान डोलावतो. माझं भांडण दोघांशीही आहे.

अहो, पत्रा म्हणजे कागद नव्हे! वाकवताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. मधे कुठेतरी एक थर असा असतो जो ना ताणला जातो, ना दाबला जातो. आतल्या बाजूपासून त्या थराचं अंतर भागिले पत्र्याची जाडी, हा झाला के-फॅक्टर. तो साधारण ०.३ ते ०.५ च्या दरम्यान असतो. नक्की किती, ते धातू, डाय आणि वाकवण्याची पद्धत ठरवते. सॉफ्टवेअर ठरवत नाही, ते फक्त तुम्ही दिलेला आकडा वापरतं. नाही दिलात तर स्वतःचा घालतं आणि वर हूं की चूं करत नाही.

हिशोबच बघा. पत्रा २ मिमी, आतली त्रिज्या २ मिमी, काटकोनातली घडी. इन्व्हेंटरचा ठेवणीतला ०.४४ घेतला तर घडीत ४.५२४ मिमी पत्रा जातो. कारखान्याचा खरा आकडा ०.३३ असेल तर ४.१७८. फरक ०.३४६. एका ओळीत चार घड्या आल्या की १.३८ मिमी! मग झाकणाची भोकं खोक्याच्या भोकांशी कशी जुळणार?

त्यात ड्रॉइंगवर नुसतं '१६ गेज' लिहिलेलं. अमेरिकेत १६ गेज म्हणजे साध्या पोलादात १.५२ मिमी, गॅल्व्हनाइज्डमध्ये १.६१ आणि ॲल्युमिनियममध्ये १.२९. म्हणजे धातू कळल्याशिवाय जाडीसुद्धा कळत नाही.

थोडक्यात, सपाट ड्रॉइंग म्हणजे शिंप्याने बेतलेलं कापड. माप कुणाच्या अंगाचं होतं हे न विचारता शिवायला बसायचं का? पण आपल्याकडे विचारायचीच चोरी! "क्लायंटला प्रश्न विचारले तर त्याला वाटेल, यांना काही येत नाही." मी पाहिलंय ते नेमकं उलटं आहे. एका कंपनीत (नाव नको) भारतात बनलेली मॉडेल्स जुळेनात, तेव्हा 'इंडियन क्वालिटी' म्हणून नाकं मुरडली गेली. बेंड टेबल इथून पाठवलंच नव्हतं, हे कुणी बोललं नाही. तिकडून कुणी मागितलंही नव्हतं. न विचारणाऱ्याच्या माथी खापर फोडणं सगळ्यात सोपं असतं.

आणि आपल्याला अक्कल नाही असंही नाही. सॉलिडवर्क्समधलं फीचरवर्क्स आपल्याच जिओमेट्रिक कंपनीने बनवलं, जी पुढे २०१७ मध्ये एचसीएलकडे गेली. ज्यांच्या लोकांनी कॅडच्या पोटातलं गणित लिहिलं, त्यांच्या पोरांनी नगावर बटणं दाबत बसावं?

तेव्हा काम घेण्याआधी तीन गोष्टी मागा: धातू, मिलिमीटरमध्ये जाडी आणि बेंड टेबल. टेबल नसेल तर सांगा, त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी तुमच्या मशीनवर काटकोनात वाकवा आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजून कळवा. बेरीज १०३.४८ आली तर वजावट ३.४८. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढंही करायला जो तयार नाही, त्याची ड्रॉइंग्ज खुशाल परत पाठवा.