बोटीची बॅटरी उपाशी ठेवू नका

नारळी पौर्णिमा जवळ आली की सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूरच्या किनाऱ्यावर एकच धांदल उडते. जाळी तपासली जातात, बोटींना रंग लागतो. बॅटरीची आठवण मात्र कोणाला होत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ती बोटीतच पडून असते. पडल्या पडल्या उतरत जाते, आतल्या प्लेटींवर पांढरा थर धरतो. तो घट्ट बसला की कितीही चार्जिंग करा, पहिला जोर परत येत नाही. मग ऐन समुद्रात स्टार्टर फिरत नाही, वायरलेस मुका होतो. आणि रात्री दिवाच विझला, तर मोठ्या जहाजाला आपली बोट दिसायची कशी?

तेव्हा बंदी लागताच बॅटरी घरी आणा. बारा व्होल्टची बॅटरी काही तास विसावल्यावर मीटरवर 12.6 च्या वर असली तर भरलेली समजा. 12.4 वर आली की चार्जिंगला लावा, 12 ची वाट पाहू नका. 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीला 10 अँपिअर पुरेत. घाईने जास्त करंट दिला तर प्लेटी तापून वाकतात. पाणी डिस्टिल्डच घाला. विहिरीचे, त्यातून किनाऱ्यावरचे खारे, मुळीच नको. चार्जिंगच्या वेळी निघणारा वायू पेट घेतो, म्हणून जवळ विडी नको की चूल नको.

लावणी उरकून गोठ्याशेजारी उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचेही असेच आहे. तीही एकदा मीटर लावून पाहा.