गोल फिरून पुन्हा क्योतोला



आमच्या ह्या पानाला पुष्कळदा पत्रे येतात ती ज्येष्ठ मंडळींची. पण ह्या वेळी एका बालवाचकाने आमची चांगलीच पंचाईत केली. तो म्हणतो, "तुम्ही नेहमी जुन्या लोकांवर लिहिता. एकदा बँडवर लिहा ना!" आता बँड म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीतला लाल कोटवाला बँड उभा राहतो. त्याला मात्र हवा होता रॉकवाल्यांचा, त्यातही "इंडी" बँड. मग आम्ही कंबर कसली, ऐकले, वाचले, आणि खरे सांगायचे तर रमलो. म्हणून आज जपानातल्या क्योतो शहरातल्या तीन पोरांची गोष्ट.

आधी हे इंडी म्हणजे काय ते ज्येष्ठांसाठी सांगतो. मोठ्या कंपनीच्या दारात ताटकळत न बसता स्वतःच्या हिमतीवर गाणे काढायचे, म्हणजे इंडी. इंग्लंडात मँचेस्टरकडच्या बझकॉक्स नावाच्या पोरांनी 1977 साली पाचशे पौंड उसने घेऊन स्वतःची तबकडी काढली, आणि तिथून ही लाट पसरली असे म्हणतात. आपल्याकडे कसे, घरच्या घरी मसाला कुटून आधी आळीत विकायचा, मग खपला की दुकान. तसेच हे.

ही लाट जपानातही पोहोचली. क्योतो म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ जपानची राजधानी असलेले शहर. देवळे, बागा, चहाचे सोहळे, सगळे जुने. पण बालमित्रांनो, तिथे कॉलेजेही खूप, त्यामुळे तरुण पोरेही खूप. आणि गंमत अशी की जुन्या साके दारूच्या कोठारांत तिथल्या लोकांनी गाण्याचे अड्डे उघडले. जित्तोकु नावाचा अड्डा 1973 साली आणि ताकुताकु 1974 साली सुरू झाला. जुन्या भिंती, आत नवे गाणे. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

1996 साली तिथल्या रित्सुमेइकान विद्यापीठातल्या संगीत मंडळात तीन विद्यार्थी एकत्र आले. किशिदा शिगेरु गाणार आणि गिटार वाजवणार, सातो मासाशी बेस गिटार वाजवणार, आणि मोरी नोबुयुकी ड्रम. किशिदा आणि सातो तर शाळेपासूनचे सोबती. बँडचे नाव ठेवले "कुरुरी". जपानी भाषेत कुरुरी म्हणजे गर्रकन गोल फिरणे. आपण भोवरा फिरतो म्हणतो ना, तसे. नाव पोरकट वाटेल, पण पुढे बघा ते कसे खरे ठरले.

सुरुवातीला छोट्या कंपनीकडून गाणी काढली. मग 1998 साली मोठ्या कंपनीकडून त्यांचे पहिले गाणे आले, "टोकियो". घर सोडून मोठ्या शहरात आलेला पोरगा मागे राहिलेल्या माणसाची आठवण काढतो, असे ते गाणे. टोकियो ह्या नावाचा अर्थच पूर्वेची राजधानी. जुन्या राजधानीतल्या पोराने नव्या राजधानीत जाऊन घराची आठवण काढली, आणि ते गाणे जपानभर गेले. आमच्या ज्येष्ठ वाचकांना ह्यात काही समजावून सांगायला नको. पेण, पनवेल, अलिबागहून आधी मुंबईला, मग मुंबईहून इकडे. पहिल्या रात्री झोप न लागणे काय असते ते आपल्याला ठाऊक आहे.

पुढे काय झाले? जे सगळ्या मंडळांत होते तेच. 2002 साली ड्रमवाला मोरी बाहेर पडला. मधेच एक गिटारवाला आला आणि गेला. एक अमेरिकन ड्रमवाला आला, तोही गेला. 2011 साली नवी मंडळी आली, त्यांतली ट्रम्पेट वाजवणारी बाई दहा वर्षे टिकली आणि 2021 साली तीही गेली. राहिले कोण? पुन्हा तेच दोन शाळासोबती. पण त्यांनी दुकान बंद केले नाही. जो आला त्याच्याबरोबर नवे शिकले. 2001 च्या सुमारास यंत्रांचे नाचाचे ठेके घेतले. त्याच वेळी "गुलाबाचे फूल" नावाचे एक साधे, हळवे गाणे केले, ते आजही लोकांच्या तोंडी आहे. 2007 साली थेट व्हिएन्नाला जाऊन तिथल्या व्हायोलिनांच्या साथीने तबकडी भरली.

त्या तबकडीतल्या एका गाण्याचे नाव आम्ही वाचले आणि थबकलो. नाव आहे "ज्युबिली". बालमित्रांनो, हा शब्द कुठून आला सांगा बरं? आपल्याच योवेलपासून! लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात आहे: पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकायचे आणि प्रत्येकाने आपापल्या वतनावर, आपापल्या कुळात परत जायचे. क्योतोच्या पोरांना हे ठाऊक होते की नाही ते आम्ही सांगत नाही. पण त्याच 2007 साली ते गाणे घेऊन आपल्या गावी आले, ही गोष्ट मात्र खरी.

त्या वर्षी त्यांनी क्योतोच्या उमेकोजी बागेत स्वतःचा संगीत मेळा सुरू केला. म्हातारे, पोरे, सगळ्यांनी यावे, हिरवळीवर बसावे, ऐकावे. रॉकवाल्यांबरोबर दुसऱ्या देशांची, दुसऱ्या ढंगाची गाणारी मंडळीही बोलवायची. ह्या बागेला लागूनच जुन्या वाफेच्या इंजिनांचे गोल घर आहे, 1914 सालचे. मधे एक भली मोठी फिरती चकती, तिच्यावर इंजिन चढवायचे आणि गर्रकन फिरवून आपल्या रुळावर सोडायचे. कुरुरी! आज ते गोल घर 2016 साली उघडलेल्या रेल्वे संग्रहालयाचा भाग आहे. किशिदा स्वतः आगगाड्यांचा वेडा, लाल आगगाडीवर त्याने 2005 साली गाणेही केले. 2020 साली करोनामुळे बागेत कुणाला जाता येईना, तर मेळा त्यांनी पडद्यावरून केला, पण खंड पडू दिला नाही.

आणखी एक. 2016 साली किशिदाने क्योतोच्या सिंफनी वाद्यवृंदासाठी मोठी रचना लिहिली आणि ती क्योतोतच सादर झाली. गिटारवाला पोरगा, चाळिशीत पोहोचल्यावर, ऐंशी-नव्वद वादकांसाठी लिहायला बसला! आणि 2023 साली सर्वात गोड गोष्ट घडली. एकवीस वर्षांपूर्वी गेलेला मोरी परत येऊन बसला आणि पहिल्या तिघांनी मिळून एक तबकडी केली. मोरी कायमचा परतला नाही, पण भांडण धरून कुणी बसले नाही. दार उघडे होते, तो आला, वाजवून गेला.

क्योतोचा आणि आपला गाण्याचा संबंध ह्याच्याही आधीचा आहे बरं का. तिथल्या बेथ शालोम नावाच्या इस्राएलप्रेमी ख्रिस्ती मंडळींचे गायकवृंद 1971 साली इथे येऊन हिब्रू गाणी गाऊन गेले. नेतान्यात त्यांची गाठ अचानक अॅन फ्रांकच्या वडिलांशी, ओटो फ्रांक यांच्याशी पडली. पुढच्या वर्षी ओटोंनी त्यांना अॅनच्या नावाच्या गुलाबाची रोपे जपानला पाठविली. एक रोप तगले, त्याच्यापासून पुढची झाली. गाण्यावरून ओळख, ओळखीवरून गुलाब.

आता ही सगळी कथा आम्ही का सांगितली? कारण मनात एक खुपते आहे. आपली कीर्तन मंडळे हळूहळू रोडावत चालली आहेत. ज्या मावश्या योसेफाचे, एलियाहू हन्नबीचे कीर्तन तोंडपाठ म्हणत, त्यांतल्या कितीतरी आता आपल्यात नाहीत. टाळ आहेत, पेटी आहे, गळे कमी. आणि दुसरीकडे घरोघर नातवंडे गिटार घेऊन बसली आहेत. आपण त्यांना काय म्हणतो? "ती तुणतुण बंद कर!"

पण जरा आठवा. कीर्तन हे तरी आपले कधी होते? 1880 च्या सुमारास मुंबईत आपल्या आजे-पणज्यांनी हिंदू शेजाऱ्यांचे कीर्तन ऐकले, तो साज उचलला, आणि त्यात तोराहमधल्या गोष्टी मराठीत बसविल्या. साज शेजाऱ्याचा, गोष्ट आपली. म्हणजे साकेच्या कोठारातले नवे गाणेच की! त्यांनी धीर केला म्हणून आपल्याला कीर्तन मिळाले. मग आज नातवाने त्याच पदाला गिटारचा साज चढविला तर आभाळ कोसळेल का?

ज्येष्ठांना आमची एकच विनंती. पुढच्या मलिद्याला पेटीशेजारी एक खुर्ची गिटारसाठी ठेवा. पोरगा चुकेल, ताल सोडील, मराठी शब्द तोंडात घोळतील. रागावू नका. आणि कुणी मंडळ सोडून गेले असेल, मानपानावरून रुसले असेल, तर त्यालाही एक फोन करा. एकवीस वर्षांनी परत येऊन बसता येते, हे क्योतोच्या तिघांनी दाखविले.

आणि बालमित्रांनो, तुम्हाला गृहपाठ. आजीकडे जा. तिला येते ते एक पद, एकच, चालीसकट शिकून घ्या. लिहून नको, गाऊन घ्या. मोबाईलवर भरून ठेवलेत तरी चालेल, पण स्वतःच्या गळ्यातही बसवा. मग खुशाल त्याला ड्रम लावा, गिटार लावा. तुम्ही कुठेही जा, गोल फिरून घरी येताना ते पद तुमच्याबरोबर असले म्हणजे झाले.

पत्र लिहिणाऱ्या बालवाचका, झाला ना बँडवर लेख? आता तुझ्या आजीचे पद कोणते, ते आम्हाला कळव. वाट पाहतो.

शालोम.