"सुधारणेला वाव आहे" म्हणजे नक्की काय?

"गणितात सुधारणेला वाव आहे."

हे वाक्य कुणाच्याही प्रगतिपुस्तकात चालतं. तुमच्या, माझ्या, अगदी रामानुजनच्यासुद्धा. म्हणूनच ते कुणाच्याच कामाचं नाही.

आमच्या धंद्यात टेस्टरने "लॉगिन चालत नाही" एवढाच बग लिहिला तर आपण तो तसाच परत पाठवतो. बाबा रे, कुठल्या स्क्रीनवर, काय टाइप केलंस, काय यायला हवं होतं आणि काय आलं, ते लिही! आणि हीच आपण मंडळी पोराच्या प्रगतिपुस्तकातलं "प्रयत्न वाढवावेत" वाचून मुकाट्याने सही ठोकून मोकळी होतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. श्रेणी आल्या, जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना झकास होती हो! पण मग निघाल्या तयार नोंदींच्या पीडीएफ. विषयवार, इयत्तावार. हव्या त्या ओळी उचला आणि डकवा. त्या ओळी छापील असतात याचं मला काही वाटत नाही. त्यांत मूलच नसतं, याचा राग येतो.

वजाबाकीच घ्या. एक पोरगा ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहितो. ६४ वजा ३८ चं ३४. आणि ८५ वजा ४२ मात्र बरोब्बर ४३. दहापैकी पाच मार्क, शेरा "सराव हवा". पण जरा बघा ना, तो अंदाजपंचे ठोकत नाहीये. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय, वर कुठला आणि खाली कुठला हे न बघता. नियम चुकीचा आहे, पण पाळतोय इमानदारीने. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ मध्ये नेमक्या अशाच चुकांवर पेपर लिहिला आणि त्यांना शब्द वापरला तो 'बग'! (आपलाच शब्द, बघा.) अशा पोराला "सराव हवा" म्हणून आणखी शंभर गणितं घातलीत तर तो बगच पक्का होणार.

कामाची नोंद अशी असते: "दशक सुटा करावा लागला की मोठ्यातून लहान अंक वजा करतो, बाकी वजाबाकी येते. काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले की जमतं. आठवडाभर रोज दोन गणितं काड्या घेऊन करून घ्या." तीन वाक्यं. पोरगा कुठे अडतो, कशाने सुटतो, घरी काय करायचं. ही वाचून आजीसुद्धा कामाला लागेल.

आता कुणी शिक्षक म्हणतील, तुला काय जातं बोलायला! बरोबर आहे. कायद्याच्या प्रमाणानुसार तीस मुलं, विषय आठ, सत्रं दोन. झाल्या ४८० नोंदी. वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामं आहेतच. तपासायला येणारा साहेबही बघतो ते रकाने भरलेत का एवढंच. अशात माणूस कॉपी-पेस्ट करणार नाही तर काय? मग ४८० मागताच कशाला? एका मुलाची एका सत्रात एकच खरी नोंद मागा, जिथे ते सगळ्यात जास्त अडलंय त्या विषयाची. साठ होतात वर्षाला. बाकी रकाने कोरे राहू देत. कोरा रकाना निदान खोटं तरी बोलत नाही.

आणि पालकहो, आपणही काही कमी नाही. आधी श्रेणी बघणार, मग शेजारच्याची विचारणार. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. नुसता शेरा मिळालेली मुलं पुढे सुधारली. शेऱ्यासोबत मार्कही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. आपल्याकडे तर दोन्ही एकाच पानावर छापतात!

पुढच्या पालकसभेत "कसा आहे हो अभ्यासात?" असं विचारू नका. वही उघडा, एका चुकलेल्या गणितावर बोट ठेवा आणि विचारा, "बाई, हे त्याने असं का केलं असेल?" बऱ्याच बाईंना उत्तर माहीत असतं. फक्त ते लिहायला त्यांच्या फॉर्मात जागा नसते.