आजोबांना आणखी एका डॉक्टरांना दाखवाच

घरातल्या वृद्धासाठी सेकंड ओपिनियन घेणाऱ्या मुला-सुनांना हल्ली शहाणपण शिकवलं जातं. शिकवणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एका डॉक्टरांवर विश्वास ठेवा, म्हाताऱ्या जिवाला दारोदार हिंडवू नका, दोघे दोन गोष्टी सांगून गोंधळ वाढवतील, आणि या वयात आता नवीन काय निघणार?

गोंधळाचं म्हणा, तर डॉक्टरांमधला मतभेद ऑपरेशननंतर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. अविश्वासाचा मुद्दाही टिकत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत, असं तर २००२ पासूनची वैद्यकीय आचारसंहिताच सांगते.

‘या वयात’ हा शेरा मात्र सोडून देण्यासारखा नाही. तो क्रूर आहे, आणि चुकीचाही.

पंचाहत्तरीची बाई पाय जमिनीला चिकटल्यासारखी चालते, विसरते, लघवी आवरत नाही. घरचे म्हणतात वय झालं, घाईतले डॉक्टर स्मृतिभ्रंश लिहून मोकळे होतात. पण हीच तीन लक्षणं मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठल्यानेही दिसतात. बोगोटाचे न्यूरोसर्जन सालोमोन हकीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच हा आजार मांडला. ते पाणी वाहून नेणारी नळी, म्हणजे शंट, बसवल्यावर यातले कित्येक रुग्ण पुन्हा बरे चालू लागतात. आजोबा न्हाणीघरात घसरतात, डोक्याला टेंगूळ येतं, विषय संपतो. काही आठवड्यांनी ते असंबद्ध बोलू लागतात. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कवटीखाली रक्त साकळलं असण्याची शंका आधी घ्यायला हवी. थायरॉइड आणि बी-१२ ची कमतरता साध्या रक्ततपासणीत सापडते. आणि गोळ्या! झोपेची एकाने दिलेली, ॲलर्जीची दुसऱ्याने, लघवीची तिसऱ्याने; तिन्ही मिळून माणसाला भ्रमिष्ट करू शकतात. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी अमेरिकेत मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये केली, ती आजही सुधारली जाते. यातलं काय ‘या वयात’ निघणार नाही?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने, इतर डॉक्टरांनी तिथे पाठवलेल्या २८६ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. पहिलं निदान जसंच्या तसं टिकलं ते फक्त १२ टक्क्यांचं. २१ टक्क्यांचं पूर्ण बदललं. हे रुग्ण अवघड होते, हे खरं. पण वृद्धांचे आजार सोपे कधी असतात?

दुसरं मत नको म्हणणारी हीच मंडळी जुन्या फॅमिली डॉक्टरांचे गोडवे गातात. ते डॉक्टर स्वतःच चिठ्ठी लिहून ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवून या’ म्हणायचे, हे सोयीस्कर विसरलं जातं.

हार्ट अटॅक, पक्षाघात, खुब्याचं हाड मोडणं, यांत वेळ दवडू नये. तिथे विरोधकांचं बरोबर आहे. पण श्रम केल्यावरच छातीत दुखतं आणि प्रकृती स्थिर आहे, अशा माणसाला उद्याच स्टेंट टाका म्हटलं, तर थांबून विचारायला जागा आहे. २००७ ची ‘करेज’ आणि २०२० ची ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचण्यांत अशा रुग्णांचे मृत्यू केवळ औषधांच्या तुलनेत स्टेंटमुळे कमी झाले नाहीत. दुसऱ्या मताने कित्येकदा उपचार कमीच होतात.

म्हणून जाताना डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी आणि चालू गोळ्यांची अख्खी पिशवी न्यावी. कॅन्सर असेल तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्यावेत. ते दुसरीकडे पुन्हा तपासता येतात, पेशंटला हलवावं लागत नाही. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, हे आजोबांच्या देखत विचारावं, आणि त्यावर आधी त्यांना बोलू द्यावं.